टाकी मोठी झाली. पाणी शुद्ध झाले का?

छोट्या शहराच्या पाणीपुरवठा योजनेची कोनशिला बसते तेव्हा तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात. एक योजनेच्या खर्चाचा, दुसरा तिच्या क्षमतेचा. किती कोटी रुपये आणि दररोज किती दशलक्ष लिटर. वर्तमानपत्रांतील बातम्यांतही हेच दोन आकडे येतात, निवडणुकीच्या प्रचारसभांतही हेच. शहराचे आरोग्य मात्र वेगळ्याच दोन आकड्यांवर अवलंबून असते : गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गढूळता किती, आणि वस्तीतील अगदी शेवटच्या नळाला पोहोचलेल्या पाण्यात क्लोरीन किती शिल्लक आहे. हे आकडे कोनशिलेवर नसतात. अनेक ठिकाणी ते नोंदवहीत असले तरी सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडत नाहीत.

हा प्रश्न आज महत्त्वाचा ठरतो, कारण देशातील छोट्या शहरांच्या जलशुद्धीकरणावर प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर खर्च होत आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेले ‘अमृत’ अभियान ५०० शहरांपुरते होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्याने देशातील सर्व वैधानिक नगरांना नळपाणीपुरवठ्याच्या कक्षेत आणले. एकदा बांधलेले जलशुद्धीकरण केंद्र तीस-चाळीस वर्षे चालते. त्यामुळे या काही वर्षांत चुकीच्या गोष्टीवर पैसा खर्च झाला, तर त्याचे फळ पुढच्या दोन पिढ्यांना भोगावे लागेल.

येथे मांडायचे प्रतिपादन थोडक्यात असे : छोट्या शहराच्या पाणीयोजनेचे आधुनिकीकरण करताना प्रथम गाळणी, मग वाहिनीतील दाब, त्याबरोबर केंद्र चालवणारा माणूस आणि शेवटी क्षमता, असा क्रम असावयास हवा. प्रत्यक्षात तो बरोबर उलटा लावला जातो.

दिल्लीचा धडा

सत्तर वर्षांपूर्वीची एक घटना या क्रमाचे महत्त्व फार स्पष्टपणे दाखवते. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेने आपला प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील उपसा केंद्राकडे उलटे वाहू लागले. कच्च्या पाण्यात मैला मिसळत असल्याचे केंद्रातील लोकांच्या लक्षात आले होते. त्यांनी तुरटीची आणि क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यानंतर काही आठवड्यांत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ पसरली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज त्या वेळच्या पाहणीतून निघाला. गर्भवती स्त्रियांमध्ये या आजाराने विशेष उग्र रूप धारण केले.

शास्त्रीय दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. त्याच पाण्यातून पसरू शकणारे विषमज्वर आणि आमांश हे जिवाणूजन्य आजार त्या काळात वाढले नाहीत. म्हणजे क्लोरीनने आपले काम अर्धे केले होते. जिवाणू मेले, पण विषाणू वाचला. हा विषाणू ‘हेपटायटिस ए’चा नव्हता, हे जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून १९८० साली सिद्ध झाले, त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. आज तो विषाणू ‘हेपटायटिस ई’ या नावाने ओळखला जातो.

दिल्ली ही देशाची राजधानी होती. तेथे तज्ज्ञ होते, प्रयोगशाळा होत्या आणि धोका वेळेवर ओळखलाही गेला होता. तरीही केवळ रसायनाची मात्रा वाढवून संकट टळले नाही. पुढे १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिलाच १९७४ पासून ‘नीरी’ हे नाव मिळाले. पाण्याच्या शुद्धीकरणाचे ज्ञान या देशात नाही, असे म्हणता येणार नाही. ते छोट्या शहराच्या फिल्टर हाऊसपर्यंत पोहोचते का, एवढाच प्रश्न आहे.

गाळणी म्हणजे चाळणी नव्हे

जलशुद्धीकरण केंद्रातील वाळूची गाळणी म्हणजे एक मोठी चाळणी, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. गाळणीतील वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर असतो. असे गोल कण एकमेकांना अगदी चिकटून रचले, तरी त्यांच्यामधील सर्वांत अरुंद फट सुमारे सत्तर-ऐंशी मायक्रोमीटरची राहते. जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचा असतो आणि काविळीचा विषाणू एका मायक्रोमीटरच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. चाळणीच्या तत्त्वाने पाहिले, तर हे सूक्ष्मजीव वाळूतून सहज पार व्हावयास हवेत.

ते अडकतात, याचे श्रेय गाळणीच्या आधी घडणाऱ्या रसायनाला आहे. पाण्यातील मातीचे आणि सेंद्रिय द्रव्यांचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात. सारखा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दिवसेंदिवस तळाशी बसत नाहीत. तुरटी मिसळली की तिच्यातील ॲल्युमिनियम हा भार निष्प्रभ करते आणि हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात. सुरुवातीला काही सेकंद जोरात ढवळणे, मग वीस ते तीस मिनिटे अगदी संथ ढवळणे, त्यानंतर निवळण टाकीत दोन-अडीच तास विश्रांती, या क्रमाने पुंजके मोठे होऊन खाली बसतात. उरलेले बारीक पुंजके वाळूच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्यांच्यासोबत सूक्ष्मजीवही अडकतात.

म्हणजे तुरटीची मात्रा चुकली, तर गाळणी कितीही नवी असली तरी निरुपयोगी ठरते. आणि ही मात्रा रोज बदलते. जुलैच्या पहिल्या पुराचे लालसर पाणी, डिसेंबरचे नितळ पाणी आणि मे महिन्यात धरणाच्या तळाशी उरलेले शेवाळयुक्त पाणी यांना एकच मात्रा चालत नाही. ती ठरवण्याची रीत शंभर वर्षांपासून माहीत आहे. सहा भांड्यांत कच्चे पाणी घ्यावे, प्रत्येकात तुरटीची वेगवेगळी मात्रा टाकावी, ढवळावे आणि कोणत्या भांड्यातील पाणी सर्वांत स्वच्छ निवळते ते पाहावे. या ‘जार चाचणी’ला लागणारे यंत्र संपूर्ण योजनेच्या खर्चात नगण्य ठरावे इतके स्वस्त आहे. तरीही तुरटीच्या लाद्या अंदाजाने टाकल्या जातात अशी केंद्रे देशात आढळतात. तेथे कोट्यवधींची गाळणी अंदाजावर चालते.

दुसरी बाब गाळणीच्या वेगाची. जलद वाळू गाळणीतून पाणी साधारणपणे ताशी पाच मीटर या वेगाने जावे, असा प्रघात आहे. वीस चौरस मीटरची गाळणी या वेगाने चोवीस तास चालली, तर दिवसाला चोवीस लाख लिटर पाणी गाळले जाते. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने ते सुमारे अठरा हजार लोकांना पुरते. आता समजा, वीज दिवसातून बाराच तास मिळते. तेवढेच पाणी हवे असेल, तर गाळण्याचा वेग दुप्पट करावा लागतो. वेग वाढला की चिकटलेले पुंजके सुटून पुढे वाहू लागतात. गणित सोपे आहे, पण त्याचा निष्कर्ष बहुतेक आराखड्यांत दिसत नाही : अशा शहराला कदाचित नव्या गाळणीपेक्षा अखंड विजेची अधिक गरज असते. स्वतंत्र वीजवाहिनी घेऊन केंद्र चोवीस तास संथ चालवले, तर जुनी गाळणीच पुन्हा उपयोगी पडते.

तिसरी बाब बॅकवॉशची. गाळणी तुंबली की ती उलट्या प्रवाहाने धुतात. धुतल्यानंतरचा पहिला काही काळ ती नीट गाळत नाही आणि त्या काळातील पाणी अधिक गढूळ असते. ते पुढे न पाठवता वाया घालवावे किंवा पुन्हा सुरुवातीला आणावे, यासाठी एक वेगळी नळी आणि एक व्हॉल्व्ह पुरतो. अनेक जुन्या केंद्रांत तीही सोय नसते.

क्लोरीनची मर्यादा

‘पाण्यात टीसीएल टाकले की झाले’ ही समजूत ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत रुजलेली आहे. क्लोरीनने विसाव्या शतकात कोट्यवधी प्राण वाचवले, यात शंका नाही. परंतु त्याच्या कामाला अटी आहेत. पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत राहतो, हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पहिले रूप दुसऱ्याहून कितीतरी अधिक प्रभावी आहे. पाण्याचा पीएच ७ असेल तर सुमारे तीन-चतुर्थांश क्लोरीन पहिल्या रूपात असतो. पीएच ८.५ झाला की त्याचा जेमतेम दहावा हिस्सा त्या रूपात उरतो. म्हणजे मोजमापात क्लोरीन तेवढाच दिसतो, पण त्याची धार गेलेली असते. शिवाय गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन मातीशी आणि सेंद्रिय द्रव्यांशी झुंजण्यातच खर्च होतो, आणि पुंजक्याच्या आत दडलेला सूक्ष्मजीव सुरक्षित राहतो. ब्लीचिंग पावडर गोदामात पडून राहिली की तिचा कसही दर महिन्याला कमी होत जातो.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. गढूळतेची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ५ एनटीयूपर्यंत शिथिल होते.

या शिथिलतेचा अर्थ कळण्यासाठी अमेरिकेतील मिलवॉकी शहराकडे पाहावे लागते. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथे सुमारे चार लाख लोक क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे आजारी पडले. क्लोरीनला हा परजीवी फारसा जुमानत नाही. त्याला अडवण्याचे काम गाळणीनेच करावे लागते. त्या दिवसांत शहराच्या एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गढूळता नेहमीच्या पाव एनटीयूवरून १.७ एनटीयूच्या आसपास गेली होती. ग्लासात धरलेले असे पाणी डोळ्याला स्वच्छच दिसते. भारतातील शिथिल मर्यादेत तर ते आरामात बसते. गढूळता म्हणजे पाण्याचे सौंदर्य नव्हे. गाळणीचा पहारा सैल झाल्याची ती पहिली खूण आहे.

घराजवळचे उदाहरणही फार जुने नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि संशयितांसह रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशय पाण्याकडे वळला. महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या या गावांपैकी काहींना पूर्ण शुद्धीकरणाविना, विहिरीच्या पाण्यात केवळ क्लोरीन मिसळून पुरवठा होत होता. महानगराच्या सीमेवरची ही स्थिती, तर दूरच्या तालुक्याच्या गावाची काय असेल, याची कल्पना करता येते.

बंद नळातील धोका

समजा, केंद्रातून उत्तम पाणी बाहेर पडले. ते घरापर्यंत तसेच पोहोचेल का? देशातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते, काही ठिकाणी दोन-तीन दिवसांआड. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी किंवा दाबाविना असते. वाहिनीत दाब असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते. दाब नसेल तर त्याच भेगेतून गटाराचे पाणी आत येते. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढले जाते तेव्हा ही क्रिया अधिकच वेगाने घडते. त्यामुळे पाणी सुरू होताच येणारा पहिला लोट बहुधा सर्वांत दूषित असतो.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जोडशहरांत काही प्रभागांना प्रायोगिक तत्त्वावर अखंड पुरवठा मिळाला आणि शेजारच्या प्रभागांत जुनाच खंडित पुरवठा चालू राहिला. संशोधकांनी दोन्हींची तुलना केली. खंडित पुरवठ्याच्या नळांत मैलासूचक जिवाणू अधिक वेळा आणि अधिक प्रमाणात सापडले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे चार हजार कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी होती. अखंड पुरवठा असलेल्या घरांत विषमज्वराची नोंद कमी होती आणि गरीब कुटुंबांतील मुलांमध्ये रक्तमिश्रित अतिसार कमी आढळला.

मात्र त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष अखंड पुरवठ्याच्या पुरस्कर्त्यांना अडचणीचा वाटेल : लहान मुलांमधील एकूण अतिसारात लक्षणीय फरक दिसला नाही. तो लपवण्याचे कारण नाही. अतिसाराची कारणे अनेक असतात; हात, अन्न, शौचालये, घरात साठवलेले पाणी. चोवीस तास पाणी मिळूनही सवयीने लोक ते भांड्यांत साठवून ठेवतात. पाणीपुरवठ्याची सुधारणा आवश्यक आहे, पण ती सर्व रोगांवरचा एकमेव उपाय नाही, एवढाच या निष्कर्षाचा अर्थ. आणि ज्या आजारांवर तिचा परिणाम दिसला, ते जीवघेणे ठरू शकणारे आजार आहेत. त्यांचा भार गरिबांवर अधिक पडतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोठ्या टाकीचा मोह येथेच तपासून घ्यावा लागतो. गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या जलकुंभात पाणी अधिक काळ पडून राहते आणि तेवढ्या काळात त्यातील क्लोरीन उडून जातो. खंडित पुरवठा तसाच ठेवून टाकी मोठी केली, तर शेवटच्या घराला मिळणारे पाणी पूर्वीपेक्षाही असुरक्षित होऊ शकते.

नोंदवही लिहिणारा हात

यंत्रे, वाहिन्या आणि रसायने यांच्यापलीकडे एक घटक उरतो, माणूस. कॅनडातील ओंटारियो प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर तेथील एका विहिरीत जनावरांच्या शेणातून घातक ई. कोलाय जिवाणू उतरले. सात माणसे मरण पावली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. न्यायालयीन चौकशीत उघड झालेले सत्य साधे होते. पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांना औपचारिक प्रशिक्षण नव्हते. ते क्लोरीन पुरेसा मिसळत नसत, आणि प्रत्यक्ष मोजमाप न करताच नोंदवहीत क्लोरीनचे आकडे भरत असत. त्यांना गावाचे वाईट करायचे नव्हते. ते स्वतःही तेच पाणी पीत होते. क्लोरीन कशासाठी लागतो, हेच त्यांना नीट उमगले नव्हते. या चौकशीनंतर प्रांताने कायदा बदलला, चालकांना प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि त्याच गावात प्रशिक्षण केंद्र उभारले.

भारतातील छोट्या नगरपरिषदेत फिल्टर हाऊसवरचा माणूस बऱ्याचदा कंत्राटी असतो. त्याचे वेतन तुटपुंजे असते आणि त्याचे शिक्षण त्याच्या कामाशी क्वचितच जुळते. विजेची जोडणी करणाऱ्याला परवाना लागतो, बस चालवणाऱ्याला लागतो. वीस हजार माणसांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्यासाठी मात्र देशभर लागू असा सक्तीचा परवाना नाही. आयएस १०५०० हे मानकही नगरपरिषदांवर कायद्याने बंधनकारक नाही. बाटलीत भरून विकले जाणारे पाणी अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येते. नळाने दिले जाणारे पाणी त्या अर्थाने कोणाच्याच कक्षेत येत नाही. ही विसंगती कोणत्याही तंत्रज्ञानाने दूर होणार नाही. त्यासाठी कायदाच हवा.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, चोवीस तास पाणी ही श्रीमंत देशांची चैन आहे. येथे मुळात पाणीच अपुरे आहे. परंतु पाणी सतत मिळेल अशी खात्री असलेला माणूस शिळे झाले म्हणून भरलेली भांडी ओतून देत नाही, उघडा नळ सोडून जात नाही. मीटर आणि वापरानुसार वाढत जाणारा दर असेल तर उधळपट्टीला आणखी आळा बसतो. कराडलगतच्या मलकापूरने, वस्ती जेमतेम तीस हजार असताना, मीटर आणि टप्पेवार दर यांच्या आधारे अखंड पुरवठ्याची योजना राबवून दाखवली. ओडिशातील पुरी हे सुमारे अडीच लाख रहिवाशांचे तीर्थक्षेत्र. तेथे २०२१ साली नळाचे पाणी थेट पिता येईल अशा गुणवत्तेचा अखंड पुरवठा सुरू झाला. बचतगटांतील महिला ‘जलसाथी’ म्हणून घरोघर जाऊन पाण्याची तपासणी आणि देयकांची वसुली दोन्ही करतात. पुरी किंवा मलकापूर ही लंडन-पॅरिस नव्हेत.

दुसरा आक्षेप क्लोरीनच्या उपपदार्थांचा. सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी संयुगे तयार होतात आणि दीर्घकाळात ती अपायकारक ठरू शकतात. हे खरे आहे. मानकात त्यांच्याही मर्यादा दिलेल्या आहेत. पण त्यावरचा उपाय क्लोरीन कमी करणे हा नाही. क्लोरीन मिसळण्यापूर्वीच सेंद्रिय द्रव्ये काढून टाकणे हा खरा उपाय. म्हणजे पुन्हा उत्तम निवळण आणि उत्तम गाळणी. गाळणी सुधारली की क्लोरीन कमी लागतो आणि त्याचा अपायही घटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित. ज्याला शुद्ध पाणी हवे त्याने घरी आरओ बसवावा किंवा जार मागवावा. या युक्तिवादात एक सामाजिक किंमत दडलेली आहे. ज्यांचा आवाज नगरपरिषदेत ऐकला जातो, तेच लोक प्रथम आरओ बसवतात. त्यानंतर नळाच्या पाण्याविषयी तक्रार करणारे तेवढेच उरतात, ज्यांची तक्रार कोणी ऐकत नाही. शिवाय घरगुती आरओ प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे बरेच पाणी मोरीत सोडतो. पाणी खारे किंवा फ्लोराइडयुक्त असेल तेथे त्याची गरज आहेच. परंतु धरणाच्या गोड्या पाण्याला जे दुखणे आहे, ते गढूळतेचे आणि जिवाणूंचे. त्यावरचा इलाज सार्वजनिक गाळणीत आहे, आणि तो दर घरामागे आरओपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

आधी काय करावे

यातून छोट्या शहरासाठी एक व्यवहार्य कार्यक्रम निघतो. नवा आराखडा मंजूर होण्याआधी जुन्या केंद्राची एक वर्षभर, तिन्ही ऋतूंत, तपासणी व्हावी. प्रत्येक गाळणीच्या मुखाशी सतत गढूळता नोंदवणारा मापक बसवावा. जार चाचणीचे यंत्र घ्यावे आणि ते चालवू शकणारा रसायनशास्त्राचा पदवीधर नेमावा. ‘ओटी टेस्ट’च्या पिवळ्या रंगावर विसंबण्याऐवजी मुक्त क्लोरीन वेगळा मोजणारी डीपीडी पद्धत वापरावी, आणि नमुना पंपाजवळच्या नळाचा न घेता शहराच्या शेवटच्या टोकाचा घ्यावा. केंद्राला अखंड वीज मिळावी. मग एका प्रभागापासून सुरुवात करून वाहिनीतील दाब चोवीस तास टिकवावा आणि त्या प्रभागातील गळती मोजावी. या सर्वांनंतरही पाणी कमी पडले, तर नवी टाकी अवश्य बांधावी.

यातील पहिली चार-पाच कामे टाकीच्या तुलनेत इतकी स्वस्त आहेत की, त्यांचा स्वतंत्र ठेका काढण्यात कोणाला फारसे स्वारस्य नसते. तीच अडचण आहे. टाकी दुरून दिसते, तिचे उद्घाटन करता येते, तिच्यावर नाव लिहिता येते. गढूळता ३ एनटीयूवरून अर्ध्यावर आली, याचे उद्घाटन होत नाही. त्या वर्षी काविळीची साथ आली नाही, याचे श्रेय कोणाला देता येत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

म्हणून पाण्याचे आकडे दृश्य करणे हेच पहिले काम मानावयास हवे. नगरपरिषदेच्या दारात एक फलक असावा. त्यावर कालची कच्च्या पाण्याची गढूळता, गाळलेल्या पाण्याची गढूळता आणि शहराच्या तीन टोकांच्या नळांतील मुक्त क्लोरीन रोज लिहिला जावा. तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असतेच. विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा स्वतंत्रपणे तेच मोजून फलकावरील आकड्याशी ताडून पाहावे. एनटीयू म्हणजे काय हे कळलेले शहर पुढच्या भूमिपूजनाच्या वेळी किती कोटी आणि किती लिटर एवढेच विचारून थांबणार नाही. शेवटच्या गल्लीतील नळाला काल क्लोरीन किती होता, हेही ते विचारील, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत खरे लिहिलेले असेल.

#जलशुद्धीकरण #पिण्याचेपाणी #सार्वजनिकआरोग्य #विज्ञानआणिसमाज